युनियन एकमताने बंद

दहा-बारा माणसं एका छपराखाली काही वर्षं काम करतात तेव्हा पगार येतो आणि जातो, किस्से मात्र उरतात. कुणी ते मुद्दाम जमवत नाही. कापसाच्या जिनमधून घरी आलेल्या माणसाच्या कपड्यांवरची रुई दोन धुण्यांत निघत नाही, तसे ते अंगाला चिकटून राहतात. आमच्या कारंज्याच्या जिनिंग-प्रेसिंगला कुलूप लागून किती पावसाळे गेले, तरी चार जण भेटले की कुणीतरी म्हणतंच, "अन् थो मुनीमजीचा किस्सा सांग ना बे!"

मी जिनमध्ये ऑइल इंजिनावर होतो आणि आमच्या कामगार युनियनचा उपाध्यक्ष होतो. उपाध्यक्षाला काही काम नसतं. अध्यक्ष आजारी पडला तर उभं राहायचं, एवढंच. आमचे अध्यक्ष किसनदादा कधी आजारीच पडले नाहीत! त्यामुळे मी सगळी वर्षं बसून पाहत राहिलो, आणि म्हणून माझ्याजवळ माल जास्त आहे.

हे सगळं सत्तर-ऐंशीच्या दरम्यानचं. वाशीम जिल्हा तेव्हा झालेला नव्हता, आम्ही अकोल्याचे. सरकारनं कापूस खरेदी आपल्या हाती घेतली आणि आमच्या शेठजींनी जिनला कुलूप घातलं. कुलूप पाहून आम्ही घरी गेलो. युनियनसुद्धा बंद करावी लागते, हे कुणाला माहीतच नव्हतं!

* * *

आधी किसनदादा कसा माणूस होता ते सांगतो, नाहीतर पुढचं काही पटणार नाही.

दादा प्रेसवर गाठी बांधायचा. दणकट देह, आवाज त्याहून दणकट, आणि एकच मोठी खोड. खोटं बोलता येत नसे. म्हणजे बोलत नसे असं नाही, बोलताच येत नसे! तोंड उघडलं की खरं बाहेर पडायचं, मग ते आपल्या फायद्याचं असो की नसो.

एकदा संक्रांतीच्या सुट्टीसाठी आम्ही संप केला. ऐन हंगाम. जिनच्या फाटकाबाहेर कापसाच्या बैलबंड्यांची रांग लागलेली. शेठजींनी दादाला आत बोलावलं आणि गोड आवाजात विचारलं, "किसन, खरं सांग. तुझी माणसं किती दिवस दम धरतील?"

दादा म्हणाला, "तीन दिस, शेठजी. चवथ्या दिशी घरातलं पीठ सरते. मंग आमी झक मारत येतो."

आम्ही दाराबाहेर कपाळावर हात मारून घेतला. संप गेला! पण संध्याकाळी मुनीमजी बाहेर आले आणि म्हणाले, सुट्टी मंजूर.

खरा प्रकार आम्हाला पुष्कळ वर्षांनी कळला, तोही मुनीमजींकडून. शेठजी म्हणाले होते, "हा माणूस उघडपणे तीन दिवस म्हणतोय, म्हणजे यांनी निदान महिन्याची तयारी केली आहे!"

"पन मी तं खरं सांगतलं होतं!" दादा म्हणाला.

"तेच तर आमच्या ध्यानात आलं नाही," मुनीमजी म्हणाले. "ऑफिसात तशी पद्धत नव्हती."

* * *

हे मुनीमजी म्हणजे शांतीलालजी. शेठजींचे उजवे हात. पांढरी टोपी, धुतलेलं धोतर, सूर्य मावळायच्या आत जेवण. आमची युनियन मोडण्यासाठी या माणसानं जितकी खटपट केली तितकी आम्ही ती चालवण्यासाठी केली नसेल. एकाला बढतीचं आमिष, दुसऱ्याला दम, तिसऱ्याच्या सासऱ्याला निरोप. काही उपयोग झाला नाही.

जिन बंद झाली तसे तेही घरी बसले. शेठजी मुंबईला गेले, मुनीमजी कारंज्यातच राहिले. आमची मीटिंग आठवडी बाजाराच्या दिवशी बाबूलालच्या हॉटेलात व्हायची. फॅक्टरी असताना व्हायची, फॅक्टरी गेल्यावरही होत राहिली. एक दिवस पाहतो तर मुनीमजी पलीकडच्या बाकावर. पुढच्या बाजारी अलीकडच्या बाकावर. तिसऱ्या खेपेला ते आमच्यातच बसले आणि दादाला हळूच म्हणाले, "किसनभाऊ, घरी बसून भांडायला कुणी नाही हो."

दादानं बाबूलालला हाक मारली, "मुनीमजीले बिनकांद्याची भजी!" तेव्हापासून मॅनेजमेंट आमच्या मीटिंगला हजर राहू लागलं.

* * *

आता नोटिशीचा किस्सा.

बाजाराचाच दिवस होता. पोस्टमनला आमची जागा ठाऊक, तो रजिस्टर टपाल घेऊन सरळ हॉटेलात आला. नागपूरच्या ट्रेड युनियन रजिस्ट्रारचं पत्र. आमचा सेक्रेटरी देवराव, हा जिनमध्ये तोलाईवर होता, त्यानं चष्मा लावून वाचलं. कैक वर्षं तुमचा वार्षिक अहवाल आलेला नाही, युनियन अस्तित्वात नाही असं दिसतं, तरी तिची नोंदणी रद्द का करू नये याचं कारण दोन महिन्यांत कळवा.

दुसरी कुठलीही युनियन घाबरली असती. दादाचा चेहरा फुलला.

"म्हंजे सरकारले आपली याद हाय!"

मग काय! सगळे अंग झाडून कामाला लागले. देवराव मागच्या सगळ्या वर्षांचे अहवाल भरायला बसला. जमा, काही नाही. खर्च, काही नाही. सभासद, आहेत. काम, नाही. आणि नोटिशीचं उत्तर दादानं उभं राहून सांगितलं. ते मला आजही पाठ आहे. "कुलूप मालकानं फॅक्टरीले लावलं. युनियनले लावलं नाही. मीटिंग दर बाजारी होते. एकदा या."

मुनीमजी म्हणाले, "'या' कशाला? तो खरंच येईल!"

"येऊ द्या ना. चहा पाजू."

रजिस्ट्रार काही आले नाहीत, पण पत्र आलं. खुलासा मान्य, नोंदणी कायम. त्या दिवशी आम्ही असे खूश होतो की कुणी पाहिलं असतं तर त्याला वाटलं असतं, जिनच सुरू झाली!

* * *

आणि त्याच वर्षी भादव्यात देवरावला नोकरी चालून आली.

मंगरूळपीरच्या कापूस खरेदी केंद्रावर तोलाईदार पाहिजे होता. काट्यावर देवरावचा हात असा की नुसतं गाठोडं उचलून वजन सांगायचा. साहेबानं त्याला पसंत केलं, आणि मग कागद पाहता पाहता म्हणाला, "तुम्ही नोंदणी असलेल्या युनियनचे सेक्रेटरी दिसता. ते चालणार नाही. दिवाळीपर्यंत जागा ठेवतो. मोकळे होऊन या."

इथे हसण्यावारी नेण्यासारखं काही नव्हतं. जिन बंद झाल्यापासून देवराव मिळेल ते करत होता. मागच्या वर्षी दिवाळी झाल्यावर बायको, दोन पोरी आणि भांडीकुंडी घेऊन तो बाहेरगावी वीटभट्टीवर गेला होता आणि उन्हाळा संपताना परतला तेव्हा आम्ही त्याला ओळखलं नव्हतं. पोरींची शाळा बुडाली ती बुडालीच. यंदाही मुकादम दारात येऊन गेला होता. नोकरी मिळाली तर घर उघडं, नाही मिळाली तर दिवाळीनंतर घराला कुलूप.

पण देवराव स्वभावानं असा भिडस्त की यातलं एक अक्षर त्यानं मीटिंगमध्ये सांगितलं नाही. नुसता राजीनामा ठेवला.

मीटिंग गंभीर झाली. आमच्याकडे राजीनामा म्हणजे माणूस रुसला असा अर्थ. रुसलेल्या माणसाचा राजीनामा स्वीकारायचा, म्हणजे त्याला घराबाहेर काढण्यासारखंच की! एक जण उठला, देवरावसारखा सेक्रेटरी होणे नाही म्हणाला. दुसऱ्यानं त्याचे पाय धरले. दादाचे डोळे भरून आले.

"देवा, आमचं काही चुकलं असन तं सांग. पन असा जाऊ नोको."

ठराव झाला. सेक्रेटरींचा राजीनामा एकमताने, टाळ्यांच्या गजरात नामंजूर! आणि सेक्रेटरीच तो, म्हणून हा ठराव बिचाऱ्या देवरावलाच लिहून काढावा लागला.

* * *

खरं कारण त्याच्या बायकोनं सांगितलं. सुमनबाई दुसऱ्या दिवशी सकाळी दादाच्या दारात उभी राहिली.

"दादा, तुमी टाया वाजवल्या म्हंते. माह्या घराले कुलूप लागून राह्यलं, त्याच्या टाया का?"

दादा तसाच उठला. जेवलाही नाही. आम्हाला सगळ्यांना गोळा केलं आणि म्हणाला, "आता राजीनाम्यानं भागत नाही. सेक्रेटरी गेला तं दुसरा सेक्रेटरी पाह्यजे, अन् त्याच्यावरही उद्या हेच येईन. युनियनच बंद करून टाका."

ज्या माणसानं दोन महिन्यांपूर्वी ती वाचवली, त्याच्या तोंडून हे निघालं. मला तर रडूच आलं, आणि ते मी लपवलंही नाही.

आता बंद करायची कशी? कायदा कुणाला माहीत? मुनीमजींना! आयुष्यभर त्यांनी दुसरा अभ्यास कुठला केला होता? आम्ही सगळे त्यांच्या ओसरीवर गेलो. दादा म्हणाला, "मुनीमजी, एक काम हाय. आमची युनियन मोडून द्या."

मुनीमजींनी टोपी काढली, मांडीवर ठेवली, परत घातली. आत जाऊन पाणी पिऊन आले.

"किसनभाऊ," ते म्हणाले, "त्या वेळी सांगितलं असतं तर एका रात्रीत मोडली असती. आता माझ्यानं होत नाही!"

* * *

शेवटी देवरावच्या पोरींची नावं घेतली तेव्हा ते तयार झाले. कायदा त्यांनी सांगितला तो असा. युनियन काढायला सात माणसं लागतात, आणि तिनं आपणहून बंद व्हायचं तर तिथेही सात सभासदांच्या सह्या लागतात, शिवाय सेक्रेटरीची.

देवराव सोडून कारंज्यात आम्ही पाच उरलो होतो. दादा, मी आणि मार्केटात हमाली करणारे तिघे. राहिले दोघे. मंगरूळपीरला रहमानभाई आणि धनजला गंगूबाई.

रहमानभाई जिनमध्ये यंत्रांचे पट्टे जोडायचे. आता दर्ग्याबाहेर फुलांच्या चादरी विकत. मी आणि देवराव कागद घेऊन गेलो तर ते कागदाला हात लावायला तयार नाहीत. "यहाँ नहीं करूँगा मैं सही. आपली युनियन उठून राह्यली अन् मी इथं दुकानावर बसून अंगठा देऊ? मी येतो. कंधा देने आऊंगा!"

आणि खरंच आले. बंद करायच्या मीटिंगच्या दिवशी पहिल्या बसनं उतरले ते गुलाबाची चादर घेऊन. टेबलावर युनियनचं सर्टिफिकेट होतं, त्यावर त्यांनी ती नीट अंथरली. बाबूलालनं त्या टेबलावर दिवसभर गिऱ्हाईक बसवलं नाही.

* * *

गंगूबाईचा किस्सा मात्र वेगळा. ती रेच्यांवर, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रांवर, कापूस टाकायची, सगळ्या बायांची पुढारी. दादासुद्धा तिला वचकून असे. धनजला तिच्या अंगणात आम्ही सगळं समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "मी अंगठा देत नाही."

"काहून वो माय?" मी विचारलं.

"माही मागनी बाकी हाय."

आमच्या मागण्यांत एक मागणी बायांची होती. कामावर येताना त्या तान्ही लेकरं आणत आणि कापसाच्या ढिगाशेजारी उन्हात निजवत. त्यांच्यासाठी टिनाची सावली पाहिजे, ही ती मागणी. बोलणी सुरू असतानाच जिन बंद पडली.

"पन गंगूबाई, आता जिनच नाही ना," देवराव म्हणाला.

"नसू दे. मी बायाईले शब्द देल्ता. युनियन बंद झाली तं थे मागनी गेलीच ना? का म्हंतीन मले बाया?"

बाईचं म्हणणं बरोबर होतं! आम्ही हात हलवत परतलो. दिवाळी जवळ येत चालली होती आणि देवरावच्या घरी बोचकी बांधायला सुरुवात झाली होती.

दुसऱ्या दिवशी मुनीमजी म्हणाले, "मला घेऊन चला." एसटीत ते खिडकीशी बसले. गंगूबाईच्या अंगणात गेल्यावर खाटेवर बसायला सांगितलं तरी बसले नाहीत. टोपी सारखी केली, घसा खाकरला आणि पूर्वी नोटीस वाचायचे त्याच आवाजात म्हणाले, "जिनिंग-प्रेसिंग फॅक्टरीच्या वतीनं सांगतो. लेकरांच्या सावलीची मागणी मंजूर."

गंगूबाई उभी राहिली. "कवा बांधता?"

"जिन सुरू झाली की सगळ्यात आधी तेच काम."

"कवेलूची नाही, टिनाची."

"टिनाची."

"हां. आन रे देवराव तुहा कागद!"

परतताना मुनीमजी म्हणाले, "शेठजींना मी तेव्हाच म्हटलं होतं, टाकून देऊ दोन टिनं. ऐकलं नाही." मग रुमालानं तोंड पुसलं आणि बाहेर पाहत राहिले. मला त्या माणसाबद्दल इतकी माया कधी वाटली नव्हती.

* * *

आता आमच्या मूर्खपणाचा किस्सा. हा मी सांगतो तेव्हा दादाच्या घरचे उठून आत जातात.

विसर्जनाची मीटिंग झाली. सगळे हजर. दादानं ठराव मांडला, रहमानभाईंनी अनुमोदन दिलं, हात वर झाले. युनियन बंद, एकमताने. सह्या आणि अंगठे झाले. मग काही वेळ कुणी बोलेना.

असं गप्प बसायची आम्हाला सवय नव्हती. सवय कशाची होती? आमची मीटिंग कशीही झाली, कितीही भांडण झालं, तरी शेवट ठरलेला. शेवटी पुढच्या मीटिंगचा दिवस ठरवायचा, चहा कुणाचा ते ठरवायचं, आणि दिवाळीआधीची मीटिंग असेल तर नवीन वर्षाची कमिटी निवडायची. त्याशिवाय उठलो तर जेवून हात न धुतल्यासारखं वाटे. त्या दिवशीही दादा सवयीनं म्हणाला, "चाला, पुढचं."

पुढचं म्हणजे सगळ्यांना पाठच होतं! दादा अध्यक्ष, मी उपाध्यक्ष, गंगूबाई कमिटीवर, देवराव सेक्रेटरी, बिनविरोध. पुढची मीटिंग पुढच्या बाजारी, चहा रहमानभाईंचा. देवरावनं ते सुंदर अक्षरात लिहिलं, मुनीमजींनी वाचून "शुद्ध आहे" म्हटलं, आणि तो सगळा कागद नागपूरला गेला!

उलटटपाली उत्तर. "आपल्या ठरावात कलम एकनुसार युनियन विसर्जित झाली आहे व कलम दोननुसार नवीन कार्यकारिणी निवडून आली आहे. युनियन चालू आहे की बंद, याचा बोध होत नाही. आमचे अधिकारी समक्ष चौकशीसाठी येतील."

देवरावनं पत्र वाचलं आणि मटकन खाली बसला. वसुबारस चार-पाच दिवसांवर आली होती.

* * *

साहेब आले ते धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी, दुपारच्या एसटीनं.

आम्ही पूर्वतयारी केली होती. मुनीमजींनी बजावलं होतं की हार नको, घोषणा नको, स्टँडवर घ्यायला तर कुणीच जायचं नाही. हॉटेलात एकत्र बसायचं नाही. प्रत्येकानं आपापल्या जागी राहायचं आणि साहेबानं विचारलं तर दोनच शब्द सांगायचे, "युनियन नाही." हे ठरवण्यासाठी आम्ही बाबूलालकडे दोनदा मीटिंग घेतली, ते वेगळं!

प्रश्न एकट्या दादाचा होता. त्याला खोटं बोलता येत नाही हे सगळ्यांना ठाऊक. मुनीमजी म्हणाले, "किसनभाऊ, तुम्ही त्या दिवशी गावालाच जा ना." दादा म्हणाला, "पळून जाऊ? देवरावच्या कामात?" झालं. त्यापुढे कोण बोलणार!

साहेब पन्नाशीचे, टक्कल पडलेले, हातात कातडी बॅग. पत्ता विचारत आधी मार्केटात गेले. तिघा हमालांनी पाठीवरचं पोतं न उतरवता सांगितलं, "युनियन नाही." नाक्यावर मला विचारलं, मी सांगितलं, "युनियन नाही." गंगूबाई सणाच्या बाजाराला आलेली, तिला गाठलं. ती म्हणाली, "युनियन नाही." रहमानभाई दुकान टाकून मंगरूळहून मुद्दाम आले होते, त्यांना साहेबानं विचारलंही नव्हतं. तेच पुढे होऊन म्हणाले, "युनियन नहीं है, साब."

मग साहेब दादाच्या घरी गेले. एव्हाना आम्ही सगळे एकेक करून त्याच अंगणात जमलो होतो. ठरलं नव्हतं, पण घरी बसवेना. देवराव कुडाला टेकून उभा होता. सुमनबाई दोन्ही पोरींना घेऊन फाटकाशी उभी होती.

दादानं साहेबांना खाट दिली, पाणी दिलं. साहेबांनी बॅगेतून कागद काढला. "किसनराव, मला एकच सांगा. युनियन आहे की नाही?"

दादानं खाली पाहिलं. देवरावकडे पाहिलं. मी मनात म्हटलं, गेली नोकरी! मुनीमजींनी डोळे मिटून घेतले होते.

"साहेब," शेवटी दादा म्हणाला, "मी तुमाले खरं सांगतो. आमच्या युनियननं ठरवलं हाय, का युनियन नाही."

साहेबांनी चष्मा काढला. कुडाशी उभ्या देवरावला पाहिलं, सुमनबाईला पाहिलं, पोरींना पाहिलं, मग आम्हा सगळ्यांवरून नजर फिरवली.

"काहून ठरवलं?" ते विचारते झाले. साहेबसुद्धा आपल्याकडचेच निघाले!

"याच्या घराले कुलूप नाही लागलं पाह्यजे म्हनून. युनियन असली तं मंगरूळच्या कापूस केंद्रावरचा साहेब याले नोकरी देत नाही."

"अन् सारे कबूल हायेत?"

"आमच्यात दुसरं होतच नाही, साहेब. एकमतानं."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. मग त्यांनी गुडघ्यावर बॅग ठेवली, बॅगेवर कागद, आणि लिहायला लागले. लिहून झाल्यावर मोठ्यानं वाचलं, "समक्ष चौकशी केली. फॅक्टरी कायमची बंद. सदर युनियन अस्तित्वात नाही. नोंदणी रद्द करावी."

देवरावला जवळ बोलावून म्हणाले, "सही करा. नुसतं नाव लिहा, पुढं सेक्रेटरी-बिक्रेटरी काही लिहू नका. याची नक्कल मी आत्ताच देतो, उद्या मंगरूळच्या साहेबाला नेऊन दाखवा. तो मला मानतो, मी चिठ्ठी लिहितो त्याला." देवरावनं सही केली. आमच्या सेक्रेटरीची एवढी वाईट सही मी कधी पाहिली नव्हती. सुमनबाईनं पदर तोंडाला लावला.

"आता तुम्ही, किसनराव."

दादानं पेन घेतलं. 'सदर युनियन अस्तित्वात नाही' हे वाक्य बोट ठेवून एकदा वाचलं. त्याच्या खाली सावकाश, मोठ्या अक्षरांत आपलं नाव लिहिलं, आणि नावाखाली लिहिलं, 'अध्यक्ष'.

साहेबांनी ते पाहिलं. शाई वाळावी म्हणून कागदावर हळूच फुंकर मारली, आणि कागद बॅगेत ठेवला.